दृष्टीचा विलंब

हातच्या काकणाला आरसा कशाला, ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की, तिच्या पोटी एक मोठा तात्त्विक सिद्धान्त दडलेला आहे याची आठवणही आपणांस राहत नाही. जे डोळ्यांपुढे आहे त्याला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही, हा तो सिद्धान्त होय. खरे आणि खोटे यांत चार बोटांचे अंतर असते, असे जुनी माणसे सांगत. म्हणजे कानाने ऐकलेले खोटे असू शकेल, पण तेथून चार बोटांवर असलेल्या डोळ्याने पाहिलेले खोटे असावयाचे नाही. न्यायालयात प्रत्यक्ष पाहणाराच्या साक्षीला जे वजन येते तेही याच समजुतीमुळे. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे आमचे म्हणणे नाही. तथापि तिची मर्यादा कोठे आहे, आणि ती न ओळखल्याने माणसाच्या हातून केवळ चूकच नव्हे तर अन्यायही कसा घडतो, याचा विचार करण्याचा प्रसंग मध्यंतरी आमच्यावर एकाच दिवसात दोनदा आला. तो वाचकांपुढे मांडावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सोलापुराहून पुण्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे शहर मागे पडल्यावर थोड्याच वेळाने चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. चादरी आणि टॉवेल यांनी ज्याचे नाव घरोघर पोहोचविले त्या सोलापुराची ही अलीकडची बाजू आहे. मोटारींच्या इंजिनांतील कॅमशाफ्टपासून रासायनिक द्रव्यांपर्यंत नाना प्रकारचे पदार्थ येथे तयार होतात. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा या वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग घडविण्याचा लहानसा कारखाना आहे. त्याच्या आग्रहावरून एके दिवशी सायंकाळी आम्ही तो पाहावयास गेलो. शेडच्या एका कोपऱ्यात लोखंडी चोकच्या जुन्या ट्यूबलाइटी अद्याप राहून गेल्या होत्या, आणि त्यांच्याच खाली एका मोटरच्या दांड्यावर चार आऱ्यांचे चाक बसविलेले होते. पट्टा नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी त्यावरची जाळी तेवढ्यापुरती काढलेली होती. चाक अगदी सावकाश, दळण संपत आलेल्या जात्यासारखे, आणि तेही उलट्या दिशेने फिरत असलेले आम्हांस दिसले. त्याच्या आऱ्या किंचित धूसर भासत होत्या, पण त्या मोजता येत होत्या. हे उलटे का फिरते, असे विचारण्यासाठी आम्ही बोट पुढे केले, तोच मागून एक वृद्ध मिस्त्री ओरडले, "सायेब, हात मागं! जोरात चालू हाय ते." आम्ही हात मागे घेतला. त्यांनी हाक दिली नसती तर हा लेख आम्हांस दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागला असता.

या भ्रमाची फोड कठीण नाही. आपल्याकडील विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनात ती दोनदा शून्यावर येते. त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि १०० वेळा मंदावते. आतल्या लेपामुळे ती पुरती विझत नाही एवढेच. ही उघडझाप इतकी जलद असते की डोळ्यांस ती एकसारख्या प्रकाशाप्रमाणे भासते. आता त्या मोटरच्या पाटीवर मिनिटाला १४४० फेरे असा वेग लिहिलेला होता, म्हणजे सेकंदाला २४ फेरे झाले. दोन उजेडांमधील सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात चाक पाव फेऱ्याहून किंचित कमी फिरते. चारही आऱ्या सारख्याच असल्यामुळे, मागची आरी पुढच्या आरीच्या जागी येता येता थोडी अलीकडेच असताना दुसरा उजेड पडतो, आणि डोळा समजतो की पहिलीच आरी थोडी मागे सरकली. परिणामी सेकंदाला २४ फेरे पुढे धावणारे चाक सेकंदाला एक फेरा मागे जाताना दिसते. मोटरचा वेग बरोबर १५०० असता तर ते चाक स्तब्ध दिसले असते. कारखान्यांत यावर उपाय फार पूर्वीपासून माहीत आहेत. शेजारशेजारचे दिवे निरनिराळ्या फेजांवर जोडतात, म्हणजे सर्व एकदम मंद होत नाहीत. अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये किंवा चांगल्या एलईडी दिव्यांत ही उघडझाप अतिशय जलद असते किंवा जवळजवळ नसतेच. परंतु उपाय आहे म्हणून त्यामागचा प्रश्न मिटत नाही. आमचे डोळे शाबूत होते, उजेड पुरेसा होता, मनात कोणताही पूर्वग्रह नव्हता. आणि तरीही जे आम्ही स्पष्टपणे पाहिले ते असत्य होते.

आपल्या पूर्वजांस हे ठाऊक नव्हते असे मात्र कोणी समजू नये. विजेचा दिवा नव्हता, पण कोलीत होते. जळते कोलीत अंधारात गरगर फिरविले की अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते, यालाच शास्त्रकार अलातचक्र म्हणतात. सोलापूरकरांना यासाठी ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतील शोभेचे दारूकाम त्यांनी पाहिलेले असते, आणि दिवाळीत फुलबाजी हातात आली की प्रत्येक पोर हा प्रयोग करतेच. न्यायसूत्रकारांनी हा दृष्टान्त घेतला तो असे सांगण्यासाठी की, क्रमाने होणाऱ्या गोष्टी फार त्वरेने झाल्या म्हणजे त्यांतील क्रम मनास कळत नाही आणि त्या एकदम झाल्यासारख्या वाटतात. गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकांच्या चौथ्या प्रकरणात तोच दृष्टान्त घेऊन एक पाऊल पुढे टाकले. कोलीत थांबल्यावर ते वर्तुळ कोठे दुसरीकडे गेले नाही की कोलितातही शिरले नाही, कारण ते मुळी कोठे नव्हतेच, असा त्यांचा अभिप्राय आहे. एकाच कोलितापासून एकाने क्रम न कळण्याची चूक दाखविली, दुसऱ्याने दृश्य जगाचे मिथ्यात्व सुचविले. आमच्यासारख्या प्रापंचिकांस नैयायिकांचे म्हणणे पुरेसे आहे. वर्तुळ नाही, पण कोलीत आहे. आणि बोट लावले तर ते भाजते.

या चुकीचे पुढे मनुष्याने भांडवल केले. १८३२-३३च्या सुमारास बेल्जममधील प्लातो आणि ऑस्ट्रियातील श्टांपफर या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, फिरत्या तबकडीवरील स्थिर चित्रे फटींतून पाहिली असता ती हालताना दिसतात हे दाखविले. त्यांतूनच पुढे चलच्चित्राचा मार्ग खुला झाला. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला. पण त्याआधी त्यांनी जो एक छोटा प्रयोग केला होता तो आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे. कुंडीत पेरलेल्या दाण्याची वाढ ठराविक अंतराने थोडी थोडी टिपून त्यांनी अंकुर झराझर वर येताना दाखविला. डोळ्यास जी गती मंदपणामुळे कधीच दिसत नाही ती त्यांनी मधला काळ गाळून दृश्य केली. चिंचोळीच्या चाकाने उलट केले. तेथेही मधला काळ गळला, आणि जी गती होती तीच झाकली गेली. म्हणजे दोन दर्शनांच्या मधली फट हीच सत्य दाखवितेही आणि लपवितेही. पूर्वीची पाठ्यपुस्तके सांगत की चित्राचा ठसा डोळ्यात क्षणभर टिकतो म्हणून गती भासते. हे अर्धेच खरे आहे, असे आता मानतात. मॅक्स वेर्टहायमर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी दाखविले की, दोन ठिकाणी पाठोपाठ चमकलेल्या रेषांमध्ये मन स्वतःच गती घालते. फट भरून काढणारा डोळा नव्हे, मन होय.

त्याच रात्री आमच्या विद्यार्थ्याच्या घरी जेवणाचे निमंत्रण होते. त्याचा सोळा वर्षांचा मुलगा संगणकावर नेमबाजीचे खेळ खेळतो. बापलेकांत एक वाद चालू होता, आणि गुरुजन म्हणून त्याचा निवाडा आमच्याकडे आला. मुलाचे म्हणणे असे की, त्याचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखविणारा आहे, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांकडे १४४ आणि २४० चित्रांचे आहेत, सबब तो हरत नसून त्याचा पडदा हरतो. बापाचे म्हणणे, हे सर्व पैसे काढण्याचे निमित्त आहे. वादाच्या मुळाशी मात्र दुसरीच गोष्ट निघाली. आपल्याच वर्गातल्या एका मित्रावर त्या मुलाने लबाडीचा आरोप केला होता आणि महिनाभर त्याच्याशी बोलणे सोडले होते. "सर, तो भिंतीआड होता. तो बाहेर आलेला मला दिसलासुद्धा नाही, आणि मी मेलो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!" असे तो कळवळून म्हणाला. सायंकाळचे चाक अजून आमच्या डोळ्यांपुढून गेले नव्हते. आम्ही त्याला सगळे पहिल्यापासून सांगावयास लावले, आणि जे कळले ते असे.

मॉनिटरच्या पाटीवर दोन आकडे असतात व लोक त्यांत घोटाळा करतात. एक आकडा सेकंदात चित्र किती वेळा बदलते हे सांगतो, त्याला हर्ट्झ म्हणतात. दुसरा पडद्यावरचा प्रत्येक ठिपका एक छटा सोडून दुसरी घेण्यास किती वेळ लावतो हे सांगतो, आणि तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यांत असतो. वहीची उपमा द्यावयाची तर, पान किती वेळा उलटले जाते हा पहिला प्रश्न, आणि मागच्या पानाची ओली शाई पुढच्या पानावर किती उमटते हा दुसरा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद तसेच उभे राहते, १४४ वर ६.९, २४० वर ४.२. १९२० ठिपके रुंदीच्या पडद्यावरून एक आकृती एका सेकंदात आरपार गेली, तर ६० हर्ट्झवर ती दर चित्रात ३२ ठिपक्यांची उडी घेते, २४० वर आठांची. डोळा मात्र उड्या न घेता आकृतीमागून सरळ वाहत जातो. डोळा पुढे सरकतो आणि चित्र जागीच उभे असते, म्हणून आकृतीच्या कडा पुसट होतात. ठिपके कितीही चपळ असले तरी हा पुसटपणा राहतोच. ठिपके मंद असले तर त्यात आकृतीमागे शेपटासारखी छाया पडण्याची भर पडते. ती छाया घालविण्यासाठी ठिपक्यांना विजेचा जादा झटका देण्याची सोय असते. तो झटका प्रमाणाबाहेर गेला की ठिपका इष्ट छटेच्या पलीकडे जातो आणि आकृतीभोवती उलट्या रंगाची कड उमटते. घाई दुरुस्त करावयास गेलेली घाई नवी चूक करते, हे येथेही चुकत नाही.

एवढ्यावरून मुलाची तक्रार खोटी नव्हती हे उघड आहे. नवे चित्र येण्याची सरासरी वाट ६० हर्ट्झवर सुमारे ८ मिलिसेकंद आणि २४० वर २ पाहावी लागते; म्हणजे सहा मिलिसेकंदांचा फरक पडला. पाहून बोट हलविण्यास धडधाकट मनुष्यास सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, त्यांत सहा म्हणजे शेकडा तीन. कच्च्या खेळाडूचा स्वतःचाच वेग एका डावापासून दुसऱ्या डावापर्यंत याच्या कितीतरी पट खालीवर होत असतो, म्हणून त्याचा पराभव पडद्यावर ढकलता येणार नाही. परंतु दोन तुल्यबळ खेळाडूंत शेकडा तीन निर्णायक ठरू शकतात. आपल्या तालमीत दोघे मल्ल एकाच मातीत उतरतात, आणि वजनाचे गट पाडलेले असतात ते याचसाठी की, निकाल लागावा तो कसाचा. हाँगझाउ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत हे संगणकी खेळ पदकांसाठी खेळले गेले. जेथे निकालाला असा मान आहे तेथे सर्वांस सारखाच पडदा मिळाला पाहिजे. घरोघरच्या खेळात ते साधणे शक्य नाही. तेथे ज्याचा पडदा जलद त्याचा विजय थोडा त्याच्या बापाच्या पैशाचा असतो, हे त्याने मनात ठेवावे. पण मग आमच्या या मुलानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी होती. आपण जिंकलो तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या पडद्याचा वेग त्याने एकदाही विचारला नव्हता. विलंबाची आठवण ज्याला केवळ पराभवातच होते त्याची तक्रार खरी असली तरी न्याय्य होत नाही.

आता लबाडीच्या आरोपाकडे वळू. अशा खेळात दोघे खेळाडू एकच जग पाहत नसतात. कोपऱ्याआडून जो बाहेर येतो त्याची स्वतःची हालचाल त्याच्या पडद्यावर लागलीच उमटते आणि समोरचा त्याला दिसू लागतो. त्याच्या बाहेर येण्याची वार्ता मात्र आधी दूरच्या मध्यवर्ती यंत्राकडे जाते, तेथून दुसऱ्याच्या संगणकाकडे येते, आणि मग पडद्यावर पुढच्या चित्राची पाळी येईपर्यंत थांबते. यात कित्येक दशक मिलिसेकंद सहज जातात. शिवाय पुष्कळ खेळांत मध्यवर्ती यंत्र निवाडा करताना काळ थोडा मागे नेऊन, गोळी सोडणाराला त्या क्षणी काय दिसत होते हे पाहते. म्हणून एकाच्या पडद्यावर प्रतिस्पर्धी समोर उघडा उभा असतो, तर त्या प्रतिस्पर्ध्याच्या पडद्यावर त्याच वेळी तो भिंतीआड सुरक्षित असतो. दोघेही आपापल्या डोळ्यांनी पाहतात, दोघेही शपथ घेऊन सांगतील, आणि दोघेही खरेच बोलत असतील. अशा प्रसंगी "मी डोळ्यांनी पाहिले" हे वाक्य खोटे नसते. त्यातून काढलेले "म्हणून तू लबाड आहेस" हे अनुमान तेवढे खोटे असते. लबाडी करणारे या खेळांत नसतातच असे नव्हे. पण ती सिद्ध करावयास आपल्या पडद्यावरचा एक क्षण पुरत नाही.

हा केवळ पोरखेळ नव्हे, हे दाखविण्यासाठी आम्ही त्या मुलाला एक जुनी हकीकत सांगितली. इंग्लंडातील ग्रीनिच येथील वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मास्केलीन यांच्या हाताखाली डेव्हिड किनब्रुक नावाचा तरुण साहाय्यक होता. दुर्बिणीतील तारेवरून तारा पलीकडे गेल्याचा क्षण घड्याळाच्या ठोक्यावरून टिपावयाचा, हे काम दोघेही करीत. किनब्रुकच्या नोंदी प्रमुखांच्या नोंदींहून सेकंदाच्या आठ-दशांशाने उशिराच्या येऊ लागल्या. त्याला समज दिली गेली, पण फरक गेला नाही. आणि १७९६ साली त्याला कामावरून दूर करण्यात आले. मास्केलीन दुष्ट नव्हते, आपल्या विद्येशी प्रामाणिक होते. त्यांची चूक एकच झाली. दोन माणसांच्या पाहण्यात फरक पडला तेव्हा आपले पाहणे हे मोजमाप आणि दुसऱ्याचे पाहणे हा दोष, असे त्यांनी न विचारताच गृहीत धरले. सुमारे पंचवीस वर्षांनी जर्मन ज्योतिषी बेसेल याने इतर ज्योतिषांच्या नोंदी स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा आढळले की असा फरक कसलेल्या वेधकांतही असतो. प्रत्येकाचा विलंब निराळा, आणि तो हिशोबात धरल्याशिवाय कोणाचाच वेध शुद्ध होत नाही. याला ज्योतिषांनी व्यक्तिसमीकरण असे नाव दिले आणि ते गणितात घेतले. पण किनब्रुकला त्याचा उपयोग नव्हता. तो १८०२ सालीच वारला होता. एका माणसाची भाकरी ज्या कारणाने गेली ते कारण पुढे शास्त्राचे एक प्रकरण झाले, याहून डोळ्यांच्या भरवशाची मोठी किंमत आमच्या वाचनात आलेली नाही.

यावर कोणी म्हणेल की, डोळ्यांवर इतका अविश्वास धरला तर संसार चालावयाचा कसा? साक्षीदार खोटा, सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा, सिनेमातली धाव नसलेली. मग खरे म्हणून हाती काय उरले? आमचे उत्तर असे की, अविश्वास आणि हिशोब या दोन भिन्न गोष्टी आहेत. बेसेलने दुर्बीण फेकून दिली नाही. तिच्यामागच्या माणसाचा विलंब मोजला. ज्याला आपले डोळे फसवितात हे कळले तो आंधळा होत नाही, सावध होतो. दुसरा कोणी म्हणेल की, यंत्रेच अधिक जलद करावीत म्हणजे प्रश्न सुटेल. यंत्रे जलद अवश्य करावीत. त्यात आमचा विरोध नाही, आणि त्या मुलाला सवडीने बरा पडदा घेऊन द्यावा असेच आम्ही त्याच्या वडिलांस सांगितले. परंतु ६० चे २४० केले तरी फट बारीक होते, नाहीशी होत नाही. आणि पडद्यामागची फट मिटली तरी पाहणाराच्या मनातली उरतेच. उलट फट जितकी बारीक, तितका आपले पाहणे निर्दोष असल्याचा ताठा वाढतो, आणि दुसऱ्याचे म्हणणे ऐकण्याची गरज तितकी कमी भासते. ही भीती आम्हांस पुसट चित्राहून मोठी वाटते. बाहेरच्या व्यवहारातही पाहा: सासूने सुनेचा एक दृष्टिक्षेप पाहिला, शिक्षकाने मुलाची वळलेली मान पाहिली, शेजाऱ्याने दारातून एक प्रसंग पाहिला, प्रत्येकाच्या हाती दोन चित्रे असतात, आणि त्यांच्या मधली गती तो मनाने भरतो. त्या भरलेल्या गतीलाच आपण "प्रत्यक्ष पाहिलेले" म्हणतो आणि त्यावरून माणसे तोडतो.

यंत्राजवळ काम करणाराला हे तत्त्व कोणी शिकवीत नाही, तरी तो ते पाळतो. दुसऱ्या दिवशी परतण्यापूर्वी आम्ही पुन्हा त्या कारखान्यात गेलो. मुलगाही बरोबर आला होता. जाळी बसविण्याचे काम चालले होते आणि चाक थांबलेले दिसत होते. मिस्त्रींनी बटण बंद असल्याचे स्वतः पाहिले होते. तरीही ते भिंतीजवळ गेले, त्यांनी फ्यूज उपसून काढले, आपल्या सदऱ्याच्या खिशात घातले, आणि मगच चाकाला हात लावला. मुलाने विचारले, "मामा, थांबलंय हे दिसतंय की! मग फ्यूज कशाला काढलं?" ते म्हणाले, "दिसतंय रं. पन हात माझा हाय."